कमानीची आतली बाजू

सकाळी साडेनऊची वेळ. मी गॅलरीत अर्धा कप चहा घेऊन बसलो होतो आणि खाली पार्किंगमध्ये माझी राउटर मशीन सुरू झाली. ती सुरू झाली यात विशेष काही नव्हतं. दीड महिना ती रविवार सोडून रोज याच वेळी सुरू होत होती. विशेष होतं ते हे, की आवाज बरोबर होता. कप तोंडाशी नेता नेता मी थांबलो. पुन्हा ऐकला. बरोबरच होता. पिठाच्या गिरणीत रिकामं जातं किंचाळतं आणि वरून धान्य पडू लागलं की त्याचा आवाज भरतो, जाड होतो, जेवून उठलेल्या माणसासारखा समाधानी होतो; तसा तो एका पट्टीत चालला, टोकाला आला, हलकेच सुटला, आणि मग मोटर हळूहळू शांत झाली. पूर्ण थांबेपर्यंत काळूरामने मशीन खाली टेकवली नाही, हेही मला तीन मजले वर बसून कळलं. त्या क्षणी माझ्या छातीत जे झालं त्याला आमचे डॉक्टर गॅसेस म्हणतात. मी मत्सर म्हणतो. गॅसेसचा फायदा असा की ढेकर आला की बरं वाटतं. मला ढेकर येईना.

पहिले तीन आठवडे हाच आवाज माझं सकाळचं सुख होता. राउटर म्हणजे दोन मुठींची एक बुटकी मोटर, खाली बोटभर लांबीचा धारदार बिट, मिनिटाला वीस-बावीस हजार फेरे. लाकडाच्या कडेवरून फिरवली की कड गोल होते, खाच पडते, नक्षी उमटते. पण तिला विचार करणारा माणूस चालत नाही. जरा थबकलात, की बिट त्याच जागी फिरत राहतो आणि लाकूड जळतं. घाई केलीत, की मोटर कण्हते आणि कड दातरते. काळूराम पहिले तीन आठवडे आलटून पालटून दोन्ही करत होता. जळक्या सागाचा वास पार्किंगमधून वर चढायचा आणि मी तो, लोक उदबत्तीचा घेतात तसा, डोळे मिटून घ्यायचो. गिरिजा, म्हणजे माझी बायको, एकदा म्हणाली, "अहो, काय झालं? हसताय कशाला?" मी म्हणालो, "पेपरात आलंय काहीतरी." हातात पेपर उलटा होता. पण तिने तो सुलटा करून दिला आणि पुढे काही विचारलं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली की बायका पुरावा गोळा करतात, खटला भरत नाहीत.

काळूराम घरत हा आमच्या सोसायटीचा जुना मालक. म्हणजे सोसायटीचा नव्हे, जमिनीचा. भाईंदर पश्चिमेला राईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग आहे तिथे त्याच्या बापाचं भाताचं खाचर होतं. बिल्डरने खाचर घेतलं आणि बदल्यात त्याला पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट दिले. आम्ही पंचाण्णव साली लालबागहून इथे आलो तेव्हा मी मोठ्या ऐटीत "गाडी ठेवायला जागा आहे का?" असं विचारलं होतं, आणि लुंगीतल्या एका दणकट माणसाने, "हाय ना. हितं आमचं भात झोडायचं खलं होतं," असं म्हणून मला माझीच पार्किंगची जागा दाखवली होती. गाडी आम्ही कधीच घेतली नाही. माणूस मात्र तेव्हापासून माझ्या आयुष्यात उभा आहे. तो मला मास्तर म्हणतो, कारण मी एकतीस वर्षं एका टेक्निकल शाळेत सुतारकाम शिकवलं. माझ्या वर्कशॉपमध्ये मी पाठ फिरवून खिडकीशी बसायचो आणि न बघता सांगायचो, "तिसरं टेबल, घाई. पाचवं टेबल, रंध्याची पाती बोथट." गिरिजाला याचा फार अभिमान. माहेरच्या कुठल्याही लग्नात ती हमखास सांगायची, "ह्यांना बघावं लागत नाही. ह्यांना आवाजावरून सगळं कळतं." सांगायची, असं म्हणतो, कारण अलीकडे सांगत नाही. अलीकडे ती लग्नात काळूरामभाऊजींविषयी सांगते.

हातांचं असं झालं, की दोन वर्षांपूर्वी ते थरथरू लागले. फार नाही. सही करताना नाव माझंच असतं, पण कुणीतरी रिक्षात बसून केल्यासारखं दिसतं. गिरिजाने त्यावर एक शब्द काढला नाही. फक्त एक दिवस चहा अर्धा कप आला. मी म्हणालो, "दूध संपलं का?" ती म्हणाली, "नाही, साखर वाढलीय ना तुमची, म्हणून." साखर माझी कधीच वाढली नव्हती. तेव्हापासून मी रोज दोनदा अर्धा कप चहा पितो, आणि आम्ही दोघं मिळून त्या न वाढलेल्या साखरेची काळजी घेतो. मागच्या दिवाळीआधी मी पाटाच्या कडा गोल करायला म्हणून राउटर काढली. बिट बसवला, पाट शिकंज्यात आवळला, दोन्ही मुठी धरल्या, आणि मशीन चालू होण्याआधीच प्लास्टिकचा तळ फळीवर टकटक वाजू लागला, दारावर कुणी आल्यासारखा. मी प्लग काढला. मागे गिरिजा उभी होती. "कुणी आलंय का?" ती म्हणाली. "नाही," मी म्हणालो. पुढच्या महिन्यात मी चेण्याला एका साखरपुड्याला गेलो आणि परत आलो तेव्हा पलंगाखालची पेटी जागेवर नव्हती. "काळूरामभाऊजींना दिली," ती कांदा चिरत म्हणाली. "पडून गंजण्यापेक्षा. त्यांचाही वेळ जात नाही, त्यांच्याकडच्या वहिनी गेल्यापासून." मशीन गंजत नाही, ॲल्युमिनियमची आहे, असं मला सांगायचं होतं. पण कांदा चिरणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी असतं आणि ते कशाचं आहे हे विचारायची सोय नसते.

मशीन दिली हेही मी पचवलं असतं. माणसं काय काय देतात. पण काळूरामला मशीन मिळाली आणि आठवड्यात गिरिजाने त्याला देव्हारा सांगितला. आता हा देव्हारा म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्लायवूडची एक फळी ठोकली आणि म्हणालो, "तात्पुरते इथे ठेव देव. पावसाळ्यानंतर सागवानी देव्हारा करतो." कुठला पावसाळा ते मी सांगितलं नव्हतं. देव त्या फळीवर तीस वर्षं तात्पुरते आहेत. मी आळशी नव्हतो. हे गिरिजालाही मान्य आहे. माझ्याकडे देव्हाऱ्याचे सात नकाशे आहेत, प्रमाणात काढलेले, कमानीची गोलाई कंपासने आखलेली, एकात तर घंटेची खुंटी कुठे येणार तेही आहे. पण चांगला साग मिळाला तर वेळ नसे, वेळ मिळाला तर साग मनासारखा नसे, आणि दोन्ही मिळाले तर कमान मनात बदललेली असे. शाळेत मी शेकडो देव्हारे करवून घेतले. भाईंदरपासून बदलापूरपर्यंत कितीतरी घरांत माझ्या नजरेखालचा देव्हारा आहे. आमच्याकडे फळी आहे. काळूरामने काशीमीऱ्याच्या गोदामांत लाकूड शोधलंच नाही. राईचं जुनं घर पाडलं तेव्हा दाराची चौकट त्याने गोणपाटात बांधून ठेवली होती, ती काढली. "मोप जुना साग हाय, वयनी. देवालाच लागू द्या." गिरिजाने मला ते वाक्य तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिने त्याचा आवाजही काढला.

या सगळ्यात मी बोललो काही नाही. सोसायटीच्या तक्रारवहीत मात्र "पार्किंगमध्ये यांत्रिक आवाज, ज्येष्ठ नागरिकांस त्रास" अशी एक निनावी ओळ लिहून आलो. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी रसिकाबेन वही घेऊन माझ्याच दारात. "मास्टरजी, देखो ना, किसीने कंप्लेंट डाला है. मराठी में है, आप पढ़ के बताओ क्या लिखा है." मी मोठ्याने वाचलं. वाचताना अक्षर ओळखू येतं का म्हणून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पण तसलं अक्षर कुणाचंही असू शकतं, फक्त रिक्षात बसलेलं पाहिजे. "ज्येष्ठ नागरिक तो आप ही हो इधर," ती म्हणाली. "आपको त्रास है?" "मला? छे, छे," मी म्हणालो, "मुझे तो अच्छा लगता है." आठवड्याभरात तिनेही काळूरामकडून किल्ल्या अडकवायची पाटी करून घेतली. पाटीवर मोर आहे.

पण मी सांगत होतो ते आवाजाचं. मशीन देऊन झाल्यावर गिरिजाने त्याला माझ्याकडेच शिकायला पाठवला होता. तो याच गॅलरीत, समोरच्या वेताच्या मोड्यावर, वही घेऊन बसला. ते हात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. खाडीत होडी वल्हवलेले, चिखलात लावणी केलेले, रुंद नखांचे, आणि मांडीवर ठेवले की ठेवलेलेच. एक बोटही हलत नाही. माणसाला दुसऱ्याच्या बंगल्याचा, पगाराचा, मुलाच्या अमेरिकेचा मत्सर वाटतो असं म्हणतात. मला एका माणसाच्या मांडीवर स्वस्थ पडलेल्या हातांचा वाटला. तरीही मी शिकवलं. शिकवणं ही माझ्या हाडांतली खोड आहे, शत्रूलाही अर्धवट शिकवता येत नाही असा माझा तोवर समज होता. बिट बदलताना आधी प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बिट पूर्ण आत ढकल आणि मग दोन मिलिमीटर वर ओढून आवळ, तळाला टेकलेला बिट सुटतो. एका दमात खोल जाऊ नकोस, तीन-चार मिलिमीटर, मग पुन्हा तीन-चार. लाकूड आवळल्याशिवाय हात लावू नकोस. आडव्या धाग्याची कड आधी, म्हणजे कोपरा तुटला तरी पुढच्या फेरीत साफ होतो. चष्मा. सैल बाही नको. आणि मशीन चालवणाऱ्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, घराला आग लागली तरी आधी प्लग काढायचा, मग सांगायचं. तो एकेक लिहून घेत होता. आतून गिरिजाची फोडणी ऐकू येत होती.

"आनि फिरवायची कंच्या बाजूनं?" त्याने विचारलं.

हा खरा प्रश्न. सगळी गोम इथेच आहे. बिट घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. त्याच्या दातांना सामोरं जात मशीन ढकलली तर दात नीट चावतात. दातांच्या सोबतीने ढकलली तर ते चावायचं सोडून धावतात, मशीन चाकासारखी सुटते आणि धरणाऱ्यालाही घेऊन सुटते. एकदा याच चुकीने माझ्या डाव्या अंगठ्याचं अर्धं नख गेलं. चौकटीच्या आतली कड करत होतो, मन दुसरीकडे होतं, हात बाहेरच्या सवयीने गेला. गिरिजाने पदर फाडून बांधला आणि रिक्षात मला शेजारी धरून बसली, आणि मी गोल्डन नेस्टच्या चौकापासून दवाखान्यापर्यंत वेदनेत एकच बडबडत होतो, "बाहेरून उलटी प्रदक्षिणा, आतून सुलटी. बाहेरून उलटी, आतून सुलटी." हे मी शाळेत असंच शिकवायचो. फळीच्या बाहेरच्या कडांवरून देवाला घालतो त्याच्या उलट दिशेने जायचं. भोकाच्या, कमानीच्या, चौकटीच्या आतल्या कडेवरून देवाला घालतो तसं. गिरिजा म्हणाली होती, "देवळात बरं असतं बाई. एकच दिशा." त्या रिक्षात, रक्त वाहत असताना, आम्ही दोघं हसलो होतो. तसे आम्ही पुन्हा फारसे हसलेलो नाही.

"बाहेरून उलटी प्रदक्षिणा," मी काळूरामला म्हणालो.

त्याने लिहिलं. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "भायेरून उलटी. आनि आतून?"

"आतून काय?"

"आतून पन उलटीच का?"

त्या वेळी आतून गिरिजाचा आवाज आला, "भाऊजी, तुमच्या कमानीचं माप मी कागदावर लिहून ठेवलंय, जाताना घ्या हं." तुमच्या कमानीचं. सातही नकाशांत कमान माझी होती. मी कप उचलला, अर्ध्यातला अर्धा घोट घेतला आणि म्हणालो, "चहा गार झाला."

"दुसरा करते," आतून आवाज आला.

काळूराम वही मिटून उठला. मला वाटलं, उद्या सांगू. आधी त्याला बाहेरच्या कडा तरी जमू देत. कमान करायला महिना आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, विचारेल तेव्हा सांगू. तिसऱ्या दिवशी जळका वास आला आणि वाटलं, हा कमानीपर्यंत पोचतच नाही. मग रोज न सांगणं हे दात घासण्यासारखं झालं. त्यासाठी वेगळं काही ठरवावं लागत नव्हतं. मधे एकदा जिन्यात भेटला तेव्हा मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "वयनीच्या हातची आंबोळी खाल्ली, मास्तर. मजा हाय तुमची." मला आंबोळीचं माहीत नव्हतं. तोंड मी जांभई देऊन मिटलं.

आणि आज आवाज बरोबर होता. याचा अर्थ बाहेरच्या कडा संपल्या. मी कठड्यावरून वाकून बघितलं. खाली काळूराम फळीवरचा भुसा ब्रशने झाडत होता, फुंकत नव्हता. फुंकायचं नाही, डोळ्यांत जातो, हेही त्याने वहीत लिहिलं होतं. मग त्याने शिकंजे सैल केले आणि दर्शनी फळी उभी करून उन्हाकडे धरली. कमान कापून झाली होती, आतली कड अजून ओबडधोबड होती. त्या भोकातून मला पार्किंगचा खांब, एक स्कूटर आणि गिरिजा दिसली. ती चहा घेऊन खाली गेली होती. मला सांगून गेली नव्हती. कप तिने त्याच्या हातात दिला, आणि तो कप भरलेला होता. काठोकाठ. त्याने तो एका हाताने घेतला, दुसऱ्या हाताने फळी धरून ठेवली आणि बोलत बोलत प्याला. एक थेंब सांडला नाही. ती कमानीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत होती, एका बाजूने वर, माथ्यावरून, दुसऱ्या बाजूने खाली. काहीतरी सांगत होती. तो मान हलवत होता. मी इतका वाकलो होतो की कुंडीतली तुळस माझ्या कानात गेली.

मग ती बाजूला झाली. त्याने फळी पुन्हा आवळली, प्लग काढला, बिट बदलला, आत ढकलला, किंचित वर ओढला, आवळला. माझा एकेक शब्द तिथे खाली वाकून काम करत होता. फक्त एक शब्द इथे वर माझ्या तोंडात होता. मला त्याचं बोट दिसलं. दिसलं म्हणजे आधीच दिसलं: वहीवर पेन्सिल धरलेलं, मग नसलेलं. मग गिरिजा पदर फाडताना दिसली, आणि हे सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो असा, की रिक्षात ती आता त्याच्या शेजारी बसेल.

त्या विचाराने मी उठलो. कप पडला, अर्धाच असल्यामुळे फार सांडलं नाही. चपला सापडेनात. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टवर "काम चालू" अशी पाटी, काम कुणाचंच चालू नव्हतं. जिना धरला. खाली मशीन सुरू झाली तेव्हा मी तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो. दम लागला होता, म्हणून थांबलो. जिन्यात आवाज घुमतो. भिंतीला हात लावून उभा राहिलो, तर भिंतीतूनही तो तळव्यात येत होता, आणि गंमत म्हणजे तळवा त्या वेळी थरथरत नव्हता. मग उरलेला जिना मी उतरलो, दोन-दोन पायऱ्या एकदम, त्रेसष्टाव्या वर्षी, अनवाणी. पार्किंगच्या तोंडाशी आलो. काळूरामची पाठ माझ्याकडे होती, खांदे खाली, पाय रोवलेले. आणि मी एकतीस वर्षांत ज्याबद्दल पोरांना वर्गाबाहेर काढलं तेच केलं. गळ्यातल्या सगळ्या शिरा ताणून ओरडलो, "थांब!"

तो दचकला. दोन हातांतली मशीन दचकली. एक तोकडी, कर्कश किंकाळी आली, लाकडाची की पोलादाची कळलं नाही, आणि बटण बंद झालं. मोटर शांत होईपर्यंत त्याने मशीन उचललेलीच धरून ठेवली, तेवढ्यातही टेकवली नाही. मग टेकवली. मग दोन्ही हात वर करून, बोटं पसरून, माझ्यासमोर धरली. मोजायला. दहा होती.

"काय झाला, मास्तर? आग लागली का?"

"आतून," मी म्हणालो. धाप लागली होती. "आतून सुलटी. बाहेरून उलटी, आतून सुलटी. ते सांगायचं राहिलं होतं."

काळूरामने चष्मा कपाळावर सरकवला. माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. "सुलटीच मारत होतो की," तो म्हणाला. "वयनीनी सांगला. त्याच दिशी, माप घेताना. 'आतून सुलटी भाऊजी, देवाला घालतो तशी.' आज परत बोटानं दाखवला पन."

गिरिजा खांबाशी रिकामा कप घेऊन उभी होती. त्याच दिवशी. म्हणजे चहा गार झाला त्याच दिवशी. दीड महिना ती मला आंघोळीला पाणी काढून देत होती, पेपर सुलटा करून देत होती, न वाढलेल्या साखरेसाठी अर्धा चहा देत होती, आणि तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती कमानीकडे बघत होती. कमानीच्या डाव्या खांद्यावर, गोलाई वर चढते तिथे, करंगळीच्या नखाएवढा एक खळगा पडला होता. तिथपर्यंतची सगळी कड लोण्यासारखी होती.

"आरं द्येवा," काळूराम म्हणाला. अंगठ्याने खळगा चाचपला. त्याने रागवावं असं मला फार वाटत होतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. तो म्हणाला, "मास्तरांना कालजी वाटली, वयनी. माज्या बोटांची. असा मानूस न्हाय भेटत." आणि मग, "नवी फली घेतू. चौकटीचा एक तुकडा हाय अजून."

"नको," गिरिजा म्हणाली.

"मग तुकडा बसवतू बारीक, कलनार पन न्हाय."

"नको. असू दे तेवढं." हे ती त्याला म्हणाली. मला तिने एवढंच म्हटलं, "वर जाऊन पाय धुवा. इथे खिळे असतात."

देव्हारा पुढच्या गुरुवारी लागला. काळूरामने एकट्याने उचलून आणला. भिंतीतला जुना खिळा काढताना फळी माझ्या हातात आली आणि तीस वर्षांनी कळलं की ती एका बाजूला पाव इंच कलती होती. रसिकाबेन पेढे घेऊन आली आणि "ये तो मंदिर जैसा है" म्हणाली. मी "आहेच," म्हणालो. माणसं गेली. गिरिजाने देव एकेक करून पुसले, मांडले, निरांजन लावलं. ज्योत जिथे येते बरोबर त्याच उंचीवर तो खळगा आहे. उजेड पडला की त्याची सावली जरा मोठी दिसते. त्या देव्हाऱ्यात तेवढं एक काम माझ्या हातचं आहे. दुसरं कुणी करू शकलं नसतं.

"अहो," ती म्हणाली. पाठ माझ्याकडे होती, वात सारखी करत होती. "तुम्हाला आवाजावरून सगळं कळतं ना?"

"हो."

"बघावं लागत नाही."

"नाही लागत."

"मग जिन्यात कळलं नाही?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला हात लावून मी उभा होतो, आणि खाली मशीन सुलट्या बाजूने चालली होती, एका पट्टीत, भरल्या पोटाने, इतकी बरोबर की मी एकतीस वर्षांत एखाद-दोघांच्याच हातून तशी ऐकली असेल. ती मी पुरती ऐकली. नंतर उरलेला जिना उतरलो.

"लिफ्ट बंद होती," मी म्हणालो.

ती ओट्याशी गेली, चहा गाळला, कप आणून माझ्यासमोर ठेवला आणि बाहेरच्या खोलीत निघून गेली. कप भरलेला होता, काठोकाठ. निरांजनाचा उजेड त्यात स्थिर पडला होता. चहा गार होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसलो.